शिकविले म्हणजे शिकले काय?

कार्तिकी आटोपून पंढरीहून घरी आलो, तो ओटीवर माझी नात वही मांडीवर घेऊन बसलेली. मुलगी अध्यापक विद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. या शिक्षणक्रमात काही महिने खऱ्या शाळेत जाऊन शिकवावे लागते. पूर्वी त्याला छात्रसेवाकाल म्हणत, आता आंतरवासिता म्हणतात. रोज पाठाचे टाचण काढायचे, वर्गावर पाठ घ्यायचा, मागे बसलेले मार्गदर्शक गुरुजी शेरा देतात तो ऐकायचा, आणि रात्री आपले काय साधले, काय बिघडले ते स्वतःच्या शब्दांत वहीत उतरवायचे, असा नेम. नेम मला आवडला. आम्ही कीर्तनकार गादीवरून उतरलो की नारळ आणि उपरणे घेऊन चालू लागतो. आपल्या कीर्तनाचे टाचण आम्ही मागाहून कधी तपासतो?

पोरीचा चेहरा उतरलेला होता. म्हटलं, “काय गं, शेरा वाईट मिळाला का?” ती म्हणाली, “नाही आजोबा, शेरा चांगला मिळाला. तेच तर दुखतंय.” आणि तिने वहीतला प्रसंग वाचून दाखविला.

तिसरीचा वर्ग. वाचनपाठाच्या शेवटी तिने एका मुलाला उभे केले. मुलाने पुस्तक हातात धरले, ओळीखाली बोट ठेवले आणि सबंध पान खणखणीत आवाजात वाचले. मार्गदर्शक संतुष्ट झाले. सरावपाठ उत्तम वठला. परंतु हिची नजर सहज त्याच्या बोटाकडे गेली. तोंड पाचव्या ओळीवर होते आणि बोट तिसऱ्या ओळीवर! मधल्या सुट्टीत तिने त्याला जवळ घेतले, त्याच पानावरचा मधलाच एक शब्द दाखविला. मुलगा गप्प. दुसरे पान उघडले. मुलगा गप्पच. शेजारच्या मुलांचे ऐकून ऐकून त्याने सारे पान पाठ केले होते. त्याला अक्षर येत नव्हते.

वहीत त्या दिवशीच्या नोंदीखाली तिने लिहिले होते, “हा घटक मी शिकविला, असे टाचणात लिहिले आहे. तो मुलगा शिकला, असे कोठे लिहू?”

वही मिटून तिने मला विचारले, “आजोबा, शिकवलं असं कधी म्हणायचं? आपण सांगितलं म्हणजे शिकवलं, की त्याला आलं म्हणजे शिकवलं?”

सज्जनहो, चाळीस वर्षे कीर्तन केलेल्या माणसाजवळ प्रत्येक प्रश्नाला एक तयार दृष्टान्त असतो. मी लगेच भवभूती काढला. उत्तररामचरिताच्या दुसऱ्या अंकात एक प्रसिद्ध श्लोक आहे. आम्हां पाठशाळेतल्या विद्यार्थ्यांना तो मुखोद्गत असे. आशय एवढाच की, गुरूचे देणे सर्वांना सारखे, फरक पडतो तो घेणाऱ्यात. आणि त्याला रत्नाचा व मातीचा दृष्टान्त दिला आहे. माझ्या गुरुजींनी हा श्लोक मला सांगितला, मी माझ्या शिष्यांना सांगितला. एखाद्याला चाल जमली नाही, अर्थ कळला नाही, की हा श्लोक म्हणायचा आणि मोकळे व्हायचे. नातीलाही म्हटले, “तू तुझं दिलंस. मातीत प्रतिबिंब उमटलं नाही, त्याला तू काय करणार?”

ती थोडा वेळ बसून राहिली. मग म्हणाली, “आजोबा, नाटकात हे कोण म्हणतं?”

“आत्रेयी.”

“ती गुरू आहे की शिष्या?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसाच राहिलो. रात्री पोथी काढून तो प्रसंग पुन्हा वाचला. आत्रेयी वाल्मीकींच्या आश्रमात शिकत होती. तिथे कुश आणि लव आले. त्यांची बुद्धी अशी तीक्ष्ण, की त्यांच्याबरोबर हिचा अभ्यास चालेना. दुसरीकडे गुरू रामायणाच्या रचनेत गढून गेलेले. म्हणून ही विद्यार्थिनी आश्रम सोडून, वेदान्त शिकण्यासाठी अगस्त्यांकडे, दण्डकारण्याच्या वाटेला लागली आहे. वाटेत वनदेवता भेटते, तिला ती हे बोलते. म्हणजे जो श्लोक आम्ही गुरुजनांनी आपल्या निर्दोषपणाचा दाखला म्हणून जन्मभर मिरविला, तो मागे पडलेल्या विद्यार्थिनीच्या तोंडचा आहे! स्वतःला माती म्हणवून घेत ती अरण्य तुडवीत निघाली आहे, तेही दुसरा गुरू शोधायला. तिची विद्येची भूक संपलेली नाही. जी शिकण्यासाठी दण्डकारण्य ओलांडते, तिला माती कोण म्हणेल? श्लोक पाठ होता, प्रसंग वाचला नव्हता. त्या तिसरीतल्या पोरात आणि माझ्यात अंतर ते किती राहिले?

आता पाठांतराला मी नावे ठेवतो असे कोणी समजू नये. आपला सगळा संप्रदाय मुखपाठावर उभा आहे. डोईवर तुळस, हातात टाळ आणि मुखी अभंग, त्याला पुस्तक धरायला हात कुठला मोकळा? मी स्वतः पाठशाळेत रूपावली, अमरकोश, लघुकौमुदी या क्रमाने गेलो. पहाटे चार वाजता उठून शब्द चालवायचे, चुकले की छडी. दोन वर्षे मी विभक्त्या धडाधड म्हणत होतो. तृतीया म्हणजे काय हे मात्र ठाऊक नव्हते. एके दिवशी विहिरीवर पाणी ओढताना माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या विद्यार्थ्याने विचारले, “पाणी कशाने ओढतोस?” म्हटलं, “दोराने.” “कशासाठी?” “सोवळ्यासाठी.” “कशातून?” “आडातून.” तो हसला आणि म्हणाला, “झाली की तुझी तृतीया, चतुर्थी, पंचमी!” दोन वर्षांचे धान्य कणगीत भरलेले होते, ते त्या क्षणी दळले गेले. कणगी भरणाऱ्या गुरुजींचे उपकार मी विसरलेलो नाही. पण भाकरी त्या सोबत्याने खाऊ घातली.

विद्येचे चार पाव करणारे एक सुभाषित जुने लोक सांगत. एक पाव गुरूकडून, एक स्वतःच्या बुद्धीने, एक बरोबरच्या विद्यार्थ्यांकडून, आणि उरलेला पाव काळ जाईल तसा. यावर कोणी म्हणेल, “मग झालेच तर! गुरूचा वाटा पावच. तीन पाव न मिळाले तर गुरूचा काय दोष?” शंका योग्य आहे. उत्तर असे की, पहिल्या पावावाचून पुढचे तीन पाव मिळायचे कसे? सोबत्याजवळ सोबती बसविणे गुरूच्या हाती, बुद्धीला विचार करण्याइतकी उसंत देणे गुरूच्या हाती, आणि काळाचा पाव पदरात पडेपर्यंत वाट पाहणे हेही गुरूच्याच हाती. पावाचा धनी पूर्ण शेराची राखण करतो, तेव्हा त्याला गुरू म्हणावे.

इथवर लिहिले ते पोथीतले झाले. यापुढचे लिहायला मला जड जाते, पण न लिहिले तर हा लेखच खोटा.

आमच्या दिंडीत एक माउली आहेत. नाव सांगत नाही. हरिपाठ सगळा मुखोद्गत, अभंग तर किती येतात याची मोजदाद नाही. अक्षर मात्र एक येत नव्हते. मी कीर्तनात त्यांच्याकडे बोट दाखवून अनेकदा म्हणत असे, “हे पाहा, अक्षराची ओळख नाही, पण भगवंताची आहे! अक्षरांवाचून काय अडले?” सभा टाळ्या वाजवी. त्याही लाजून हसत. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान वारले. पुतण्याने वारसाची नोंद करायची आहे असे सांगून तालुक्याला नेले आणि कागदावर अंगठा घेतला. कागद हक्कसोडपत्राचा होता. सातबाऱ्यावरचे त्यांचे नाव गेले, सव्वा एकर जमीन गेली. पुढच्या वारीत त्या आल्या, पायावर डोके ठेवले आणि शांतपणे म्हणाल्या, “म्हाराज, तुमी म्हनायचा अक्षरावाचून अडत न्हाई. माजं अडलं बगा.”

रागाने बोलल्या असत्या तर मी उत्तर शोधले असते. त्या रागावल्या नव्हत्या. फसविले ते पुतण्याने, हे खरेच. पण निरक्षरपणाला भूषण म्हणून हार घालणारा मी होतो. त्या हाराच्या ओझ्याने एका बाईच्या मनात पाटी हाती घेण्याची इच्छा उठली असेल तीही दबली नसेल कशावरून? मी शिकविले होते खरे, आणि त्या शिकल्याही होत्या. म्हणजे शिकविले आणि शिकले तरी दोष उरतोच. काय शिकविले, हेही पाहावे लागते.

येथे पूर्वपक्षी विचारील, “महाराज, संतांनी तर शब्दपांडित्याला किंमत दिली नाही. भाव थोर, अक्षर थोर नव्हे. तुम्ही आता शाळेचा महिमा गाऊ लागलात काय?” या प्रश्नाचे दोन भाग केले पाहिजेत. अक्षर येत नाही म्हणून संतांनी कोणाला दाराबाहेर ठेवले नाही, हा एक भाग. तो सोळा आणे खरा. म्हणून कोणाला अक्षराबाहेर ठेवावे, हा दुसरा भाग; आणि तो संतांनी कधीही म्हटलेला नाही. आम्ही पहिला भाग सांगता सांगता दुसरा त्यात मिसळून टाकला. संस्कृताच्या कुलुपात असलेली गीता माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशाला मराठीत आणली, ती कशासाठी? ज्याला कळत नव्हते त्याला कळावे म्हणून. सच्चिदानंदबाबा लेखक झाले म्हणून तो शब्द टिकला. पुढे तीनशे वर्षांत पाठ बिघडले, तेव्हा नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये प्रती जमवून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. अक्षर क्षुद्र असते तर नाथांनी ही उठाठेव का करावी?

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांचे उदाहरण घ्या. त्या निरक्षर होत्या, पण शेतातल्या पेरणीत आणि घरच्या जात्यात त्यांना जे दिसले ते भल्याभल्या पंडितांना दिसले नाही. मात्र त्यांची गाणी आज आपल्या हाती आहेत ती घरच्या लिहित्या माणसांनी कागदावर उतरवून घेतली म्हणून. आणि पुस्तक निघाले ते त्या गेल्यानंतर, १९५२ साली. न लिहिलेल्या किती बहिणाबाई मातीत गेल्या असतील! गाडगेबाबांना शाळा लाभली नव्हती. तरी ते निरक्षरपणाचा गौरव कधी करीत नसत. ताट मोडा, हलके लुगडे नेसा, पण पोराला शाळेत घाला, हेच त्यांच्या कीर्तनाचे पालुपद. शिवाय त्यांची रीत पाहा. ते नुसते सांगत सुटत नसत. लोकांना प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढीत. ऐकणारा कुठवर आला आहे हे त्यांना पावलोपावली समजे. आजच्या अध्यापनशास्त्रात जे पोरीला पुस्तकातून शिकवितात, ते बाबा गावोगावच्या कीर्तनातून करीत होते.

कालिदासाने मालविकाग्निमित्रात दोन नाट्याचार्यांचा वाद घातला आहे, थोर कोण? निवाडा करणारी परिव्राजिका सांगते, त्याचे सार असे की, स्वतःला विद्या येणे निराळे आणि ती दुसऱ्यात उतरविणे निराळे. ज्याच्या ठायी दोन्ही, तो शिक्षकांत पहिला. मग परीक्षा कोणाची होते? आचार्यांची नव्हे, शिष्येची. मालविका रंगभूमीवर येते आणि तिच्या नृत्यावरून गुरू जोखला जातो. नातीच्या प्रश्नाचे उत्तर कविकुलगुरूने देऊन ठेवले होते. मी चुकीचे नाटक काढले.

परीक्षेवरून गोरोबाकाकांची कथा आठवते. संतांच्या मेळ्यात काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटी मारली आणि कोणते मडके कच्चे ते सांगितले. नामदेव कच्चे ठरले. नामदेव रुसले, देवाकडे गेले. ही कथा आपण सांगतो आणि इथे हशा पिकवून थांबतो. पुढचा भाग मोलाचा आहे. ‘कच्चा’ ठरलेल्या नामदेवांना कोणी टाकून दिले नाही. त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे पाठविले. भट्टी कोठे आहे ते दाखविले. आणि मातीचे म्हणाल तर कुंभाराला विचारा! मातीत प्रतिबिंब उमटत नसेल, पण तिचा घडा होतो, आणि तहान घड्याने भागते, मण्याने नव्हे. शाळेतल्या प्रगतिपत्रकावर ‘कच्चा’ लिहिताना पुढे विसोबांचा पत्ता लिहिला पाहिजे. नुसतेच ‘कच्चा’ लिहिणे म्हणजे थापटी मारून निघून जाणे.

आता त्या मुलाचे काय झाले ते सांगतो. पोरीने चौकशी केली. आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की बिऱ्हाड निघते, कारखान्याच्या तळावर उतरते, ते उन्हाळ्यात परत येते. मुलगा पहिलीत निम्मे वर्ष, दुसरीत निम्मे वर्ष. दोन निम्मे मिळून एक होत नाही. मधल्या काळात पहिलेही पुसले जाते. पुस्तकातले शब्द त्याच्या कानाला परके. तिने पुस्तक बाजूला ठेवले आणि त्यालाच विचारले, “तुमच्या तिकडं काय काय असतं?” मुलगा बोलू लागला : कोयता, कोपी, मोळी, पाचट, वाढं, बैल. तिने हेच शब्द फळ्यावर लिहिले. कोयत्याचा को आणि कोपीचा को एकच, हे मुलाने आपण होऊन ओळखले, तेव्हा तो बाकावरून उडालाच म्हणे. मग शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या, रोज क्रम बदलला, म्हणजे पाठ करून निभावता येऊ नये. वाचताना बोट शब्दाखाली आहे ना, यावर लक्ष ठेवले. घ आणि ध, भ आणि म यांत तो घोटाळत असे. ती अक्षरे जोडीजोडीने घेतली. सोबतीला वर्गातलीच एक चुणचुणीत मुलगी दिली. रोज दहा मिनिटे, त्याहून अधिक नाही.

ही रीतसुद्धा सर्वस्वी नवी नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम मांडले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी पोरे गुरे राखायला रानात जात, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, एवढे साधे त्यांचे म्हणणे. चोख्याला महाद्वारी अडविले, तर पांडुरंग त्याच्याकडे गेला, असे आपण सांगतो ना? मग हे आपल्याला नवे वाटू नये.

दिवाळीपर्यंत तो मुलगा दोन ओळींचे वाक्य अडखळत, पण खरे वाचू लागला. दिवाळी झाली आणि बिऱ्हाड गेले. अशा मुलांसाठी काही ठिकाणी हंगामी वसतिगृहे चालतात, पण याला मागे ठेवावे असे आईबापांच्या मनाला पटले नाही. नातीने त्याला त्याच्याच शब्दांची छोटी वही करून दिली. तो ती उघडील की नाही, पुढच्या जूनमध्ये त्याला कोयत्याचा को आठवेल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. तिच्या चेहऱ्यावरची उदासी ती होती. तिला मी एवढेच म्हणालो, “बाळ, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नाही, पण तुझ्याजवळ आहे. त्याचं बोट कुठं होतं ते तू पाहिलंस. जो बोटाकडे पाहतो, त्याने शिकवायला सुरुवात केली. बाकीचे आम्ही बोलणारे.” फळ आपल्या हाती नाही, हे गीतेचे वचन आळशी गुरूसाठी नाही. पाहणे, थांबणे, दुसरी वाट काढणे हे सारे कर्मातच येते. ते पुरते झाल्यावरच फळाची गोष्ट देवावर सोपविण्याचा अधिकार लाभतो.

२०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात शंभरांत सुमारे ८२ साक्षर मोजले गेले, स्त्रियांत सुमारे ७६. सात वर्षांवरील ज्याला समजून वाचता आणि लिहिता येते तो साक्षर, अशी तिथली व्याख्या आहे. ‘समजून’ हा शब्द लक्षात ठेवा. नुसती सही गिरविता येणे म्हणजे साक्षरता नव्हे. २०२१ साली केंद्र सरकारने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असा संकल्प सोडला. संकल्प चांगला. पण संकल्प सोडणारे दूर असतात, आणि बोट पाहायला माणूस जवळ लागतो.

म्हणून दिंडीचालकांना माझी विनवणी आहे. वाटेत मुक्काम पडतो, हरिपाठ होतो, जेवणे होतात. निजण्यापूर्वी अर्धा घटका काढा. दिंडीत शाळेतली मुले-मुली असतात, निवृत्त मास्तर असतात. ज्यांना अक्षर येत नाही, त्यांच्याजवळ एक एक बसवा. पुस्तक शोधायला नको. हरिपाठ त्यांना येतोच. ओठांवरचा शब्द आणि बोटाखालचा शब्द यांची गाठ घालून द्या, बस्स. तिसरीतल्या पोराला जे पाठांतर आडवे आले, तेच आपल्या माउलींना वाट दाखवील. बोट मात्र खऱ्या शब्दाखाली हवे.

आमच्या दिंडीत यंदाच्या आषाढीला हा प्रयोग केला. त्या माउली आता सत्तरीच्या पुढे आहेत. जमीन परत मिळाली नाही. माझी नात दोन मुक्काम आमच्याबरोबर होती, तिने त्यांच्यापुढे हरिपाठाची पुस्तिका मोठ्या अक्षरांत लिहून धरली. त्या म्हणू लागल्या, नातीने त्यांचे बोट धरून शब्दाखालून हळूहळू नेले. एका शब्दापाशी त्या थांबल्या. पुन्हा मागे गेल्या, पुन्हा तो शब्द शोधला, खालच्या ओळीत तोच दिसला तिथे बोट ठेवले, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “म्हाराज, ह्यो हरी का? येवडासाच असतोय व्हय?”

मी कीर्तनाला उभा राहिलो त्या रात्री, पण त्यांच्याकडे बोट दाखविले नाही.

रामकृष्ण हरि.